‘हैदराबाद’ नावाची एक युद्धनौका



आजच्या व्याख्यानाची सुरुवात मला एका दुरुस्तीने करायची आहे. तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात वाचकांची एक छोटी बैठक झाली होती. तिथे मी बोलता बोलता सांगून गेलो की, दुसऱ्या महायुद्धात ‘हैदराबाद’ नावाची एक ब्रिटिश युद्धनौका होती. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जर्मन जहाजे सर्वांत आधी तिला दिसली. तिने इशारा दिला आणि म्हणून मालवाहू जहाजांचा सारा काफिला वाचला. आपल्या गावाचे नाव ऐकून श्रोते खूश झाले. टाळ्याही पडल्या. चहाच्या वेळी मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इशारा दिला हे कशावरून?”

मी म्हणालो, “काका, वाचलंय कुठंतरी.”

“कुठंतरी म्हणजे कुठं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या हैदराबादेत ‘परसों’ या एका शब्दात गेल्या आठवड्यापासून गेल्या दहा वर्षांपर्यंतचे सगळे मावते. पण इतिहासाला तारीख लागते, वेळ लागते आणि कोण काय म्हणाले याचा आधार लागतो. घरी जाऊन मी शोधाला लागलो. निघाले ते असे की, माझे निम्मे वाक्य खरे होते आणि निम्मे खोटे. जर्मन जहाजे ‘हैदराबाद’ला दिसली होती, आणि बहुधा सर्वांत आधी तिलाच दिसली होती. पण तिने इशारा दिला नव्हता. ती गप्प राहिली होती. आजचे व्याख्यान या गप्प राहण्याविषयी आहे.

पण आधी प्रश्न येतो तो नावाचा. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, दख्खनच्या खडकावर वसलेल्या आपल्या गावाचे नाव युद्धनौकेला मिळाले कसे? निजामाच्या राज्याला किनारा नव्हता. उत्तर सरकारचा किनारपट्टीचा मुलूख अठराव्या शतकातच इंग्रजांकडे गेला होता. तेव्हापासून निजामी रियासत चारी बाजूंनी जमिनीने वेढलेली होती. मात्र इंग्रजांच्या युद्धांना पैसा पुरवण्यात ती कधी मागे राहिली नाही. पहिल्या महायुद्धात हैदराबादच्या पैशातून विमानांचे एक पथक उभे राहिले. रॉयल एअर फोर्सचे ते 110 क्रमांकाचे ‘हैदराबाद’ पथक. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जोडीला 152 आणि 253 क्रमांकांची पथके आली. 152 व्या पथकाच्या चिन्हावर निजामाची पगडी होती आणि ब्रीदवाक्य ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचे होते. 1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात या पथकाची स्पिटफायर विमाने लढत होती. ‘निजाम’ या नावाची एक विनाशिकाही होती. जानेवारी 1941 मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली, आणि 2 सप्टेंबर 1945 रोजी टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा ती तिथे हजर होती.

हा पैसा कुठून येत होता, हे या सभागृहातल्या जुन्या घराण्यांना सांगायला नको. रियासतीचे सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद इथल्या शेतकऱ्यांनी हाली रुपयात भरलेला सारा त्याच तिजोरीत जमा होत असे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ होता. त्या तिजोरीतून युद्धाला मदत गेली. शेतात राबणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, इथेच कोठीत राहत असे. कर्कपॅट्रिकने बांधून घेतलेली ती भव्य रेसिडेन्सी पुढे महिला महाविद्यालयाची इमारत म्हणून ओळखली जाऊ लागली. निजामाचे दरबार आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला सारा व्यवहार त्याच खांबांच्या मागे चाले. तेव्हा आर्क्टिक समुद्रातल्या एका बोटीची गोष्ट कोठीत सांगावी, यात काही अस्थानी नाही.

ही ‘हैदराबाद’ जन्मली तेव्हा तिचे नाव वेगळे ठरले होते. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन बंदरात अलेक्झांडर हॉल कंपनीच्या गोदीत डिसेंबर 1940 मध्ये तिचा कणा घातला गेला. त्या वर्गातल्या जहाजांना फुलांची आणि रोपांची नावे देण्याची पद्धत होती, म्हणून त्यांना ‘फ्लॉवर’ वर्ग म्हणत. या बोटीसाठी ‘नेटल’ हे नाव निवडले होते. नेटल म्हणजे अंगाला लागताच आग होणारी एक वनस्पती, आपल्या खाजकुयलीच्या जातकुळीतली म्हणा हवे तर. बांधणी चालू असतानाच, 1941 च्या वसंतात, हे नाव बदलून ‘हैदराबाद’ करण्यात आले. 23 सप्टेंबर 1941 रोजी तिला पाण्यात सोडले आणि फेब्रुवारी 1942 मध्ये ती नौदलाच्या सेवेत रुजू झाली. तिचा क्रमांक होता के 212. तिच्यावरचे खलाशी ब्रिटिश नौदलाचे होते. गाव आमचे, माणसे त्यांची.

नौदलात हे नाव पहिल्यांदाच आले असेही नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, याच नावाचे एक जहाज बांधले गेले होते. ते होते फसवे जहाज. वरून दिसायला साधे मालवाहू, आत तोफा लपवलेल्या. पाणबुडीने त्याला गरीब गाय समजून जवळ यावे आणि मग पडदे बाजूला सारून तोफा सुरू व्हाव्यात, अशी योजना. शत्रूचे टॉर्पेडो खालून निघून जावेत म्हणून त्याचा तळही उथळ ठेवला होता. दिसते एक आणि असते एक, या तत्त्वावर तरंगणारे ते जहाज होते. दुसऱ्या ‘हैदराबाद’च्या गोष्टीतही हेच तत्त्व पुन्हा भेटणार आहे, म्हणून ही आठवण.

आता या कॉर्व्हेट नावाच्या प्रकाराविषयी थोडे. युद्ध जवळ आले तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आले की व्यापारी जहाजांचे रक्षण करायला पुरेशा लहान नौका नाहीत. मोठ्या गोद्या मोठ्या जहाजांत गुंतलेल्या. तेव्हा विल्यम रीड या अभियंत्याने देवमासे पकडणाऱ्या एका जहाजाचा नमुना घेऊन त्यावरून सोपी, स्वस्त, लहान गोदीतही बांधता येईल अशी युद्धनौका आखली. लांबी सुमारे 205 फूट, वजन हजार टनांच्या आत, एक वाफेचे इंजिन, एक पंखा, पुढे एक चार इंची तोफ, मागे पाणबुडीवर टाकायचे स्फोटक पिंप. वेग ताशी 16 सागरी मैल. म्हणजे तीस किलोमीटरच्याही आत. पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी तिच्यापेक्षा जोरात पळे. अशा अडीचशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या. त्या इतक्या डोलत की, दवाने ओल्या झालेल्या गवतावर ठेवली तरी ही बोट डोलेल, अशी खलाशांची थट्टा होती. आतली माणसे मात्र थट्टेच्या पलीकडे थकलेली असत. कपडे वाळत नसत, अन्न गरम राहत नसे, आणि चार तास पहाऱ्यावर उभे राहिल्यावर मिळणारी झोप ही धडपणे झोप नसे.

‘हैदराबाद’च्या वाट्याला युद्धातला सर्वांत खडतर मार्ग आला. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला. रशियाला रणगाडे, विमाने, तेल आणि अन्न पोहोचवण्याचा जवळचा मार्ग नॉर्वेच्या डोक्यावरून मुर्मान्स्क आणि आर्खांगेल्स्क या बंदरांकडे जात असे. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होते. एका बाजूला त्यांचे विमानतळ आणि खाड्यांत लपलेली मोठी जहाजे, दुसऱ्या बाजूला ध्रुवीय बर्फाची भिंत; मधल्या पट्ट्यातून काफिले जायचे. लाटेचे पाणी डेकवर पडताच गोठे. ते कुऱ्हाडीने फोडून समुद्रात टाकावे लागे, नाहीतर वरच्या वजनाने बोट कलंडण्याची भीती.

तिचा पहिला मोठा प्रवास मे 1942 मधला. पीक्यू 16 या काफिल्यात 35 व्यापारी जहाजे होती. 21 मे रोजी तो आइसलँडहून निघाला. रक्षणाला विनाशिका होत्या आणि चार कॉर्व्हेट होत्या. ‘हनीसकल’, ‘स्टारवर्ट’, स्वतंत्र फ्रेंचांची ‘रोझलिस’ आणि आपली ‘हैदराबाद’. त्या अक्षांशावर मे अखेरीस सूर्य मावळत नाही. रात्र नसल्याने लपायला जागाही नाही. 27 मे रोजी जर्मन विमानांच्या धाडींमागून धाडी आल्या. दारूगोळा भरलेले एक जहाज स्फोटात नाहीसे झाले. पोलंडची ‘गार्लंड’ ही विनाशिका जखमी माणसांनी भरून गेली. एकूण सात व्यापारी जहाजे बुडाली आणि त्यांच्याबरोबर 147 रणगाडे समुद्रतळाशी गेले. उरलेली जहाजे 30 मे रोजी रशियाच्या किनाऱ्याला लागू लागली.

परतीच्या प्रवासात, जूनच्या शेवटी, ‘हैदराबाद’ क्यूपी 13 या काफिल्याबरोबर निघाली. याच वेळी समोरून पीक्यू 17 चालला होता. काफिला मोडून पांगण्याचा हुकूम लंडनहून आला आणि त्यातली 24 जहाजे बुडाली. तो प्रसंग इतिहासात गाजला आहे. क्यूपी 13 ची कथा त्यामानाने झाकलेली राहिली. आइसलँडजवळ हा काफिला दोन भागांत फुटला. एका भागाचे पुढारीपण ‘नायजर’ या सुरुंग काढणाऱ्या जहाजाकडे होते. दाट धुके, आणि कित्येक दिवस सूर्य दिसला नसल्याने आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नाही. 5 जुलै रोजी ‘नायजर’ला समोर एक उंच काळोखा आकार दिसला. आइसलँडचे टोक आले, असे समजून दिशा बदलण्यात आली. तो हिमनग होता. नव्या दिशेने जहाजे सरळ सुरुंगांच्या पट्ट्यात शिरली, आणि ते सुरुंग ब्रिटनने स्वतःच पेरलेले होते. ‘नायजर’ आणि पाच व्यापारी जहाजे गेली. पीक्यू 16 मध्ये ‘हैदराबाद’च्या बरोबरीने असलेल्या ‘रोझलिस’ने तासन्‌तास त्याच सुरुंगांत फिरून माणसे वेचली. शत्रू तिथे आसपासही नव्हता. माणसे मेली ती एका चुकलेल्या ओळखीपायी.

आता 31 डिसेंबर 1942 कडे येऊ. हा दिवस म्हणजे ‘हैदराबाद’च्या चरित्रातला मुख्य दिवस.

22 डिसेंबरला स्कॉटलंडच्या लॉख यू इथून जेडब्ल्यू 51 बी हा काफिला निघाला. 14 व्यापारी जहाजे, त्यांत 202 रणगाडे, दोन हजारांहून अधिक मोटारगाड्या, 120 विमाने आणि तेल. रक्षणाचे नेतृत्व कॅप्टन रॉबर्ट शेरब्रुक यांच्याकडे. त्यांची विनाशिका ‘ऑन्स्लो’. बरोबर ‘ऑब्ड्युरेट’, ‘ओबीडियंट’, ‘ऑर्वेल’ आणि जुनी ‘अकेटीज’ या विनाशिका, ‘ब्रॅम्बल’ हे सुरुंग काढणारे जहाज, दोन सशस्त्र मासेमारी बोटी आणि दोन कॉर्व्हेट, ‘ऱ्होडोडेंड्रॉन’ आणि ‘हैदराबाद’. वाटेत वादळाने काफिला विस्कटला होता. मे महिन्यात तिथे रात्र नव्हती. आता दिवस नव्हता. दुपारच्या आगेमागे काही तास राखाडी संधिप्रकाश, त्यात हिमवर्षावाचे पडदे, बाकी अंधार.

नॉर्वेच्या अल्टा खाडीतून जर्मन व्हाइस ॲडमिरल कुमेट्झ बाहेर पडले होते. त्यांच्याकडे आठ आठ-इंची तोफांची ‘ॲडमिरल हिपर’, सहा अकरा-इंची तोफांची ‘ल्युत्झोव’ आणि सहा विनाशिका. बेत सोपा होता. ‘हिपर’ने उत्तरेकडून येऊन रक्षकांना आपल्या मागे ओढायचे, आणि ‘ल्युत्झोव’ने दक्षिणेकडून येऊन उघड्या पडलेल्या व्यापारी जहाजांचा फडशा पाडायचा.

सकाळी साडेआठच्या आसपास ‘हैदराबाद’च्या पहारेकऱ्यांना काफिल्याच्या मागच्या बाजूला दोन विनाशिकांचे आकार दिसले. पण रशियाच्या विनाशिका येऊन आपल्याला मिळतील, अशी त्या बोटीवर अपेक्षा होती. रशियन येणार आहेत आणि दोन विनाशिका आल्या आहेत, तेव्हा त्या रशियनच. हिशेब जुळला. ‘ऑन्स्लो’ला काही कळवले गेले नाही.

थोड्याच वेळात तेच आकार ‘ऑब्ड्युरेट’लाही दिसले. त्या कोणाच्या हे तिलाही माहीत नव्हते. पण तिने ताबडतोब कळवले. शेरब्रुक यांनी उत्तर पाठवले की, जाऊन बघा. ‘ऑब्ड्युरेट’ वळली आणि अंधारात त्या आकारांच्या मागे गेली. सव्वानऊच्या सुमारास त्या आकारांनी तोफा डागल्या तेव्हा प्रश्न सुटला.

दोन्ही नौकांना दिसले ते एकच. फरक पडला तो पुढे. एकीने जे दिसले त्याला आधीच हाताशी असलेले नाव देऊन टाकले. दुसरीने नाव दिले नाही, फक्त दिसले ते सांगितले.

पुढची लढाई मी विस्ताराने सांगत नाही. शेरब्रुक यांनी लहान विनाशिका ‘हिपर’च्या अंगावर घातल्या. टॉर्पेडो सोडण्याचा आव आणायचा, पण सोडायचा नाही, कारण एकदा सोडला की धाक संपला. या धाकानेच ‘हिपर’ पुन्हा पुन्हा मागे वळत राहिली. दहा वाजून गेल्यावर तिचे गोळे ‘ऑन्स्लो’वर पडले. शेरब्रुक यांच्या चेहऱ्यावर घाव बसला, एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी बोटीची व्यवस्था लागेपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘अकेटीज’ धुराचा पडदा सोडत काफिल्याला झाकत होती. तिचा कप्तान मारला गेला, बोट फुटली, तरी धूर सोडणे थांबले नाही. दुपारी ती बुडाली. तिची 113 माणसे गेली आणि 81 जणांना ‘नॉर्दर्न जेम’ या छोट्या बोटीने वाचवले. भरकटलेली जहाजे शोधायला एकटी गेलेली ‘ब्रॅम्बल’ जर्मनांना सापडली, आणि तिच्यातले कोणीही परत आले नाही. दक्षिणेकडून ‘ल्युत्झोव’ काफिल्याच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती. ‘ऱ्होडोडेंड्रॉन’ने मोठे जहाज दिसल्याचे कळवलेही. पण हिमवर्षावात समोरचे नीट ओळखू येत नाही म्हणून ‘ल्युत्झोव’ थबकली आणि संधी गेली.

इतक्यात रिअर ॲडमिरल बर्नेट यांच्या ‘शेफील्ड’ आणि ‘जमैका’ या दोन क्रूझर उत्तरेकडून आल्या आणि त्यांनी ‘हिपर’वर गोळे टाकले. याच गडबडीत ‘फ्रीडरिष एकोल्ड्ट’ ही जर्मन विनाशिका पुढे दिसणाऱ्या मोठ्या जहाजाला आपली ‘हिपर’ समजून त्याच्या रांगेत येऊ लागली. ते जहाज ‘शेफील्ड’ होते. काही मिनिटांत ‘एकोल्ड्ट’ बुडाली. 341 माणसांपैकी एकही वाचला नाही.

म्हणजे एकाच समुद्रात, सहा महिन्यांच्या अंतराने, तीन वेळा तीच चूक. ‘नायजर’ने हिमनगाला किनारा मानले. ‘हैदराबाद’ने शत्रूला मित्र मानले. ‘एकोल्ड्ट’ने शत्रूला आपल्याच प्रमुखाचे जहाज मानले. तिघांचे डोळे चांगले होते. तिघांना जे हवे होते, ज्याची ते वाट पाहत होते, तेच त्यांना दिसले. पहिल्या आणि तिसऱ्या चुकीची किंमत शेकडो प्राणांनी चुकवली गेली. मधल्या चुकीची किंमत काहीच पडली नाही, कारण काफिल्यात आणखी एक डोळा जागा होता. ‘हैदराबाद’ने काही मिनिटे आधी कळवले असते तर ‘अकेटीज’ किंवा ‘ब्रॅम्बल’ वाचली असती, असे मी म्हणणार नाही; पुराव्याने ते सिद्ध होत नाही. आणि ‘ऑब्ड्युरेट’नेही गप्प बसायचे ठरवले असते तर काय झाले असते, याची कल्पना मात्र करता येते.

काफिल्यातले एकही व्यापारी जहाज बुडाले नाही. 3 जानेवारी 1943 पासून ती कोला खाडीत पोहोचली. बर्लिनमध्ये हिटलरचा संताप अनावर झाला. एवढी मोठी जहाजे लहान विनाशिकांसमोरून पळून येत असतील तर ती मोडीत काढा, असा त्याचा हुकूम निघाला. नौदलप्रमुख रेडर यांनी राजीनामा दिला आणि महिनाअखेर डोनिट्झ त्यांच्या जागी आले. ‘हैदराबाद’ आपल्या जागेवर, काफिल्याच्या कडेला, शेवटपर्यंत राहिली. तिच्या एका चार इंची तोफेने ‘हिपर’चे काही बिघडले नसते, तिचे काम व्यापारी जहाजांजवळ राहणे हे होते आणि ते तिने केले. हेही तितकेच खरे आहे आणि तेही नोंदले पाहिजे.

मी इतिहासकार नाही. चाळीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस आहे. आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’च्या सुरुवातीलाच वैद्याला ‘पूर्वग्रहरहित निरीक्षक’ म्हटले आहे. विद्यार्थिदशेत ही दोन पदे मी परीक्षेसाठी पाठ केली. त्यांचा अर्थ कळायला बरीच वर्षे लागली. एका पावसाळ्यात घरोघरी साथीचा ताप होता. रोज तीस-चाळीस रोगी तेच सांगत यायचे. त्यांतच एक मुलगा आला. त्याची जीभ, पोट आणि तापाचा चढउतार काही वेगळे सांगत होते. मला ते दिसले होते. माझ्या हस्ताक्षरात ते केसपेपरवर लिहिलेलेही आहे. पण साथ चालू आहे आणि ताप आहे, तेव्हा हा साथीचाच. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले आणि विषमज्वर निघाला. मुलगा बरा झाला. त्याचे श्रेय माझे नाही. त्यामुळे ‘हैदराबाद’च्या पुलावर त्या सकाळी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी त्याला चांगला ओळखतो.

आमच्या जैन घरांत संध्याकाळी प्रतिक्रमण करतात. दिवसभरात काय चुकले ते आठवायचे आणि कबूल करायचे. युद्धनौकेची कथा सांगताना जैन माणसाच्या मनात अनेक प्रश्न उभे राहतात, त्यांत मी आज शिरत नाही. पण चूक आठवून ती चारचौघांत मोकळेपणी म्हणणे, एवढा भाग मला या कथेला लागू करावासा वाटला. आपल्या गावाच्या नावाची बोट म्हणून तिला शौर्याचा टिळा लावावा आणि उरलेले झाकावे, हे मी तीन वर्षांपूर्वी नकळत केले होते. ‘हैदराबाद’ने शत्रूला पाहिले हे कळताच, मग तिने इशारा दिलाच असणार, असे मी धरून चाललो. मलाही जे हवे होते तेच दिसले.

या बोटीचा शेवट थोडक्यात सांगतो. युद्ध संपले आणि शेकडो कॉर्व्हेट एका दिवसात बिनकामाच्या झाल्या. ‘हैदराबाद’ 1948 साली उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टाफेरी इथे भंगारात निघाली. तेच 1948 साल. सप्टेंबरच्या 13 ते 17 या पाच दिवसांत इथे काय घडले ते आपल्या घरांत अजून सांगितले जाते. ज्या राज्याचे नाव त्या बोटीला दिले होते, ते राज्यही त्याच वर्षी संपले. मराठवाड्याने तो दिवस मुक्तीचा म्हणून ठेवला. आपली काही घरे तिकडे गेली, काही इथेच राहिली, आपण राहिलेल्यांपैकी.

जाता जाता आणखी एका बोटीचे नाव घेतो, म्हणजे नावांविषयीचा आपला मोह थोडा कमी होईल. त्याच युद्धात रॉयल इंडियन नेव्हीची ‘गोदावरी’ होती. नाशिकहून पैठण, नांदेड करत खाली बासरकडे येणारी आपली गोदावरी. 1943 मध्ये ती बोट इंग्लंडमध्ये बांधून झाली, आणि 12 ऑगस्ट 1944 रोजी सेशेल्स बेटांजवळ ‘फिंडहॉर्न’ या ब्रिटिश नौकेबरोबर तिने यू 198 ही जर्मन पाणबुडी बुडवली. पराक्रम निर्विवाद. फाळणीत नौदलाची वाटणी झाली तेव्हा ‘सतलज’, ‘जमना’, ‘कृष्णा’, ‘कावेरी’ भारताकडे राहिल्या आणि ‘नर्मदा’, ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेल्या. ‘गोदावरी’चे नाव बदलून ‘सिंध’ झाले. नाव म्हणजे जहाजाला लावलेला रंग. एका गोदीत लागतो, दुसऱ्या गोदीत खरवडून निघतो. आत माणसांनी काय केले, तेवढेच उरते.

म्हणून ही दुरुस्ती आजच्या व्याख्यानात नोंदवली जावी, अशी माझी विनंती आहे. 31 डिसेंबर 1942 रोजी सकाळी ‘हैदराबाद’ने शत्रूची जहाजे पाहिली, ती मित्राची समजली आणि कळवले नाही. कळवले ते ‘ऑब्ड्युरेट’ने. ज्या गृहस्थांनी मला “कशावरून?” असे विचारले, ते आज प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. छापील प्रत मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. त्यांनी त्या दिवशी काही आरोप केला नव्हता. त्यांना काही वेगळे माहीत होते असेही नाही. त्यांना फक्त अंधारात काहीतरी हलल्यासारखे वाटले, आणि त्यांनी ते सांगितले.